पानओवा: बाळाच्या खोकल्याला द्यावा का, आणि स्वयंपाकात कसा वापरावा?

प्रश्न (कुळागर, फोंडा):
आमच्या अंगणातला पानओवा यंदा चांगला फोफावला आहे. घरात कोणाला सर्दी-पडसे झाले की सासूबाई त्याचे पान तव्यावर शेकतात, चुरगाळून रस काढतात आणि मधाबरोबर देतात. मोठ्यांना त्याने आराम पडतो. आता दहा महिन्यांच्या बाळाला खोकला झाला आहे आणि त्यालाही तोच रस चाटवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना नाही म्हणायला मन धजत नाही, पण शंका वाटते. शिवाय हा आणि मसाल्याच्या डब्यातला ओवा एकच का, आणि एवढ्या पानांचे स्वयंपाकात काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (वनौषधी, डिचोली):
आधी बाळाविषयी. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बोटभरसुद्धा चाटवू नये. मधात बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे सहसा काही चालत नाही, परंतु तान्ह्या मुलाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडण्यापर्यंत वेळ येते. नुसता रसही या वयात नको. पानाचा झणझणीतपणा कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या द्रव्यांचा असतो, त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि बाळाच्या पोटात किती गेले हे घरी मोजता येत नाही. अंगावरचे दूध वरचेवर पाजावे. श्वास जलद चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. सासूबाईंना मधाचे कारण समजावून सांगा. त्यांचा उपाय चुकीचा आहे असे म्हणण्यापेक्षा बाळाचे वय अजून लहान आहे असे म्हटले, तर त्या नक्की ऐकतील.

दोन्ही ओवे एक नव्हेत. डब्यातला ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला, तर पानओवा तुळशीच्या कुळातला. थायमॉल दोघांतही असल्यामुळे वास जुळतो. पानओव्याचे शास्त्रीय वर्णन लूरेरो या पोर्तुगीज जेझुइटाने १७९० मध्ये केले, मात्र झाड मूळचे आफ्रिकेकडचे मानले जाते. मोठ्या माणसांनी पोटात वारा धरल्यावर मिठाच्या कणीबरोबर एखादे पान चावून खाण्याची रीत आहे. गरोदरपणी मात्र औषध म्हणून घेऊ नये.

उत्तर (रांधप, काणकोण):
आमच्याकडे या पानांची तंबळी होते आणि उन्हाळ्यात तिच्यासारखे दुसरे काही नाही. चार-पाच पाने जिऱ्याबरोबर थोड्या तुपावर परतावीत. पानावरची लव बसून रंग काळपट हिरवा झाला की उतरवावीत, कारण कच्ची वाटली तर घशाला लागतात. मग ओले खोबरे आणि एक हिरवी मिरची घालून गंधासारखे वाटावे, ताकात कालवावे आणि वरून मोहरी व सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. उकळू नये, ताक फुटते. पानेही वाढवू नयेत, कडसरपणा येतो.

भजी करायची असतील तर धुतलेली पाने फडक्यावर पूर्ण कोरडी करून घ्यावीत, नाहीतर कढईतले तेल अंगावर उडते. बेसन दाटसर भिजवावे आणि त्यात वेगळा ओवा घालू नये.

कुळागर, फोंडा:
दोघांचेही मनापासून आभार. मधाचे कारण सासूबाईंना पटले, आणि बाळाला आज संध्याकाळी डॉक्टरांना दाखवणार आहोत. शेजारणीला रोप हवे आहे. या झाडाला बी कधी दिसले नाही, तेव्हा ते कसे द्यावे?

उत्तर (वनौषधी, डिचोली):
बी लागत नाही, कारण झाड क्वचितच फुलते. वीतभर फांदी तोडून खालची पाने काढावीत आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचावी. आपल्याकडच्या पावसात मुळे कुजतात, म्हणून कुंडी पागोळ्यांपासून दूर ठेवायला शेजारणीला सांगा.