एनडीटी शिकण्याआधी वेल्डिंग यायला हवं का?

भोसरीकर
एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधायची तपासणी. तिचीच मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे प्रेशर व्हेसलचं, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांचं, छोटंसं काम चालतं. एका नोझलच्या (टाकीला पाइप लागतो त्या तोंडाच्या) जोडाची पेनिट्रंट टेस्ट, म्हणजे रंगीत डाय मुरवून भेगा शोधायची तपासणी, करायला नवा पोरगा आला. मेकॅनिकल डिप्लोमा, वर क्लासचं पाच मेथडचं (तपासणीच्या पाच पद्धतींचं) लेव्हल टू, म्हणजे दुसऱ्या पातळीचं सर्टिफिकेट. लाल डाय मारला, दहा मिनिटं थांबला, इथवर ठीक. मग क्लीनरचा कॅन उचलून थेट जोडावरच फवारला! क्लीनर चिंधीवर घेऊन पुसायचं असतं. थेट मारला की भेगेत शिरलेला डायही धुऊन निघतो. डेव्हलपर (भेगेतला डाय वर ओढणारी पांढरी पावडर) मारल्यावर पांढरंशुभ्र, एक ठिपका नाही. पोरगा ‘ओके’ लिहायला बसला.

मागे उभा असलेला आमचा जुना वेल्डर म्हणाला, “साहेब, तिथं क्रेटर (वेल्डिंग थांबतं तिथला खळगा) फुटलाय. रॉड उचलला तेव्हाच शंका आली होती.” पुन्हा टेस्ट घेतली, तर लाल चांदणी उमटली.

माझं मत सरळ आहे. कॉलेजात एनडीटी शिकवायचं असेल तर पोरांना आधी सहा महिने वेल्डिंगच्या बूथमध्ये बसवा. वेल्डिंगच्या झळीनं डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपल्याशिवाय जोड कळत नाही.

मेटॅलर्जीवाली
साफ असहमत. तुमच्या पोराचं चुकलं ते पेनिट्रंटच्या पद्धतीत. वेल्डिंग येण्याशी त्याचा काय संबंध?

अल्ट्रासॉनिकचं, म्हणजे ध्वनिलहरी आत सोडून परत येणारा इको वाचायच्या तपासणीचं बघा. 12 मिमी जाडीची प्लेट, 60 अंशाचा प्रोब (त्या कोनात लहर सोडणारा). रूटचा, म्हणजे जोडाच्या तळाचा, इको 24 मिमी बीम पाथवर (लहरीच्या वाटेवर) येणार, आणि प्रोबचा इंडेक्स पॉइंट (लहर बाहेर पडते तो बिंदू) रूटपासून साधारण 21 मिमीवर असणार. हे दहावीच्या त्रिकोणमितीतून निघतं, वेल्डिंगचा होल्डर धरून नाही. इको रूटच्या आकाराचा की भेगेचा, हे ज्याला मोजून सांगता येत नाही तो दहा वर्षं वेल्डिंग करून आला तरी अंदाजच बांधणार.

आणि एक विचारू? तुमच्या वेल्डरला आधीच शंका होती, तर तो रिपोर्ट लिहायची वेळ येईपर्यंत गप्प का राहिला?

आयटीआय मास्तर
वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास पोरांना प्रवेश. त्यात पोरगा आडव्या प्लेटवर नीट बीड (वेल्डची रेघ) मारायला लागतो तोवर दिवाळी उलटते. 45 अंशात तिरका बांधलेला पाइप, म्हणजे सिक्स-जी, तर वर्षात हाताला लागतच नाही. त्याला रॉड लागतात, पाइपचे तुकडे लागतात, आणि माल संपला की आम्ही फळ्यावर वेल्डिंग शिकवतो. हसू नका, खरंच शिकवलंय. 7018 नंबरचा रॉड ओव्हनमध्ये भाजून वापरायचा हे पोरांना परीक्षेत लिहिता येतं, ओव्हन मात्र बिघडलेला असतो. सहा महिने बूथ म्हणणं सोपं आहे, भोसरीकर. बूथमध्ये जाळायला काय देणार?

दम्माम रिटर्न
मूळ दुखण्यावर कुणी बोटच ठेवत नाहीये. एसएनटी-टीसी-1ए (एनडीटीवाल्यांच्या पात्रतेची अमेरिकी नियमावली) नुसार सर्टिफिकेट देतो तो नोकरी देणारा. क्लासनं शिकवायचं, परीक्षा घ्यायची. मग अनुभवाचे तास, नजरेची तपासणी हे सगळं बघून ‘हा माझा लेव्हल टू’ असं कंपनीनं म्हणायचं. कंपनी सुटली की ते सर्टिफिकेटही सुटलं. आयएसओ 9712 हे आंतरराष्ट्रीय मानक वेगळं, तिथं त्रयस्थ संस्था सर्टिफाय करते.

एकट्या अल्ट्रासॉनिकच्या लेव्हल टूला वर्गातलेच 40 अधिक 40 तास (लेव्हल वन आणि टूचे) धरतात, अनुभवाचे तास निराळे. मग पाच मेथड पंधरा दिवसांत कशा बसतात, हे क्लासवाल्याला विचारा. माझ्यासोबत दम्मामला (सौदीत) आलेल्या दोघांना साइटवरच्या प्रॅक्टिकलला नापास करून हेल्परवर ठेवलं होतं. दोघंही डिप्लोमावाले, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेले.

रेडिओग्राफीत, म्हणजे किरणांनी जोडाचा फोटो काढतात त्यात, तरी बरं आहे. किरणोत्सारी इरिडियम हाताळायचं तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता असलेलं प्रशिक्षण हवं, छातीला किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज हवा. तिथं पंधरा दिवसांचं पॅकेज चालत नाही, कारण चूक झाली तर हात भाजतो. पेनिट्रंटमधली चूक कुणाला लगेच भाजत नाही, एवढाच फरक.

भोसरीकर
@मास्तर, फळ्यावरच्या वेल्डिंगपुढे हात टेकले. आमच्याकडचे पाइपचे तुकडे भंगारात जातात, हवे असतील तर टेम्पो पाठवा.

@दम्माम, त्या पोराला आमच्याकडे रुजू करताना प्रॅक्टिकल कुणीच घेतलं नव्हतं. क्लासचा कागद बघितला आणि सही केली. सही माझीच.

@मेटॅलर्जीवाली, त्रिकोणमिती मान्य. पण 60 अंश लिहिलेला प्रोब घासून 57 झालाय, हे रोज ब्लॉकवर (प्रोब पडताळायच्या मापाच्या ठोकळ्यावर) तपासायची सवय कुठल्या गणितातून येते? बूथ सहा महिने नको, दोन तरी ठेवा.

तुमचा प्रश्न मात्र मी काल वेल्डरलाच विचारला. ग्राइंडर बंद न करताच म्हणाला, “सांगितलं असतं तर रिपेअर माझ्या नावावर लागला असता. त्या दिवशी पोराची दया आली म्हणून बोललो.”