वाई-मेणवली : गटाने जागेवर बसून चित्रं काढायची आहेत, तयारी सुचवा

रेघोट्या :
आमचा सात-आठ जणांचा गट डिसेंबरात वाईला चाललाय. गणपती घाट ते मेणवली, कृष्णाकाठाचे तुकडे वाटून घेऊन जलरंगात रंगवायचे आणि शेवटी सगळे जोडून एक लांब पट्टी करायची, असा बेत आहे. बहुतेकांची सवय घरी बसून फोटोवरून काढायची. कागद, रंग, बसायला काय न्यावं?

घाटपायरी :
सामानाचं होईल हो, आधी जोडांचं बघा. अशी पट्टी फसते ती तिथेच. कागद सगळ्यांचा एकाच गठ्ठ्यातला घ्या, ३०० जीएसएम, म्हणजे जाड, पाण्याने न सुरकुतणारा. २२ × ३० इंची तावाचे चार केले की ११ × १५ चा तुकडा मिळतो. दोन्ही कडांना खालून ७ इंचांवर पेन्सिलची बारीक खूण करा आणि नजरेची पातळी त्या खुणेवरच धरा. तेवढ्यानेही भागत नाही. एक जण देवळाच्या कट्ट्यावर आणि दुसरा पाण्यालगत बसला, तर खूण जुळेल, पण एकाची नदी रुंद आणि दुसऱ्याची चिंचोळी दिसेल. म्हणून सगळ्यांनी पाण्यापासून साधारण सारख्याच उंचीवर बसा. शेजाऱ्याच्या कडेला काय येतंय, झाड की बुरूज, ते रंग लावण्याआधी जाऊन बघून या. आणि सकाळ तर सगळ्यांची सकाळच. सावल्या उलटसुलट पडल्या तर पट्टी शिवलेली दिसते.

खडूफळा :
+१. रंगही ठरवून घ्या, पाच-सहा पुरेत. घाटाच्या दगडाला ट्यूबमधला काळा लावू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. पाण्याजवळच्या ओल्या पायरीला निळा जास्त, वरच्या कोरड्या पायरीला तांबूस. कागद सावलीतच ठेवा. उन्हात रंग फिका वाटतो, आपण थरावर थर चढवतो आणि घरी येऊन बघावं तर सगळं काळवंडलेलं! डिसेंबरात वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, भराभर वाळतो, तेव्हा फवाऱ्याची बाटली हवीच. स्टूल बुटकं घ्या.

रेघोट्या :
हे जोडांचं डोक्यातच नव्हतं! घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळाचा तुकडा माझ्याकडे आलाय. कुठून काढू?

घाटपायरी :
समोरून सगळेच काढतात. जमलं तर मागची भिंत घ्या. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधलीय. सकाळचं तिरपं ऊन मिळालं तर गोलाई छान उठते. मेणवलीवाल्याला मात्र आधी पाठवा. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा तिथे आहे, ती बघायला लोक येत राहतात, मग घाट मोकळा मिळत नाही.

रेघोट्या :
पुण्याहून पहाटे निघालो तर चालेल ना?

खडूफळा :
नको. आदल्या रात्री वाईतच मुक्काम करा. पोचून, चहा घेऊन, सामान मांडेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.