५ वर्षांच्या मुलाला घरकामाची गोडी कशी लावायची?

प्रश्न: काम सांगितलं की मुलगा पळतो, चॉकलेट देते म्हटलं की करतो पण मला तसं नकोय, घरातल्यांसाठी मनापासून करावंसं वाटायला हवं ना. तुम्ही काय करता?

उत्तर १: काम माणसाशी जोडा. माझी लेक रोज रात्री आजीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, अर्धं पाणी वाटेतच सांडतं मग स्वतःच फडकं आणून पुसते. आजी "माझी बाय ती" म्हणते, तेवढं पुरतं तिला.

उत्तर २: +१. आणि सांडलं तर ओरडू नका प्लीज. मटार सोलायला शेजारी बसवा, वेळ लागतो, लागू दे.

उत्तर ३: गाडगेबाबा कीर्तनाआधी स्वतः गाव झाडायचे ही गोष्ट सांगून छोटा झाडू दिला, आता जिना झाडताना शेजारच्या काकूंच्या दारापुढचंही झाडतो.