विनाचालक गाडीने शहर मोकळं होईल? मला नाही पटत

पायपीट (धागाकर्ती)
भविष्यातल्या शहरांवरच्या लेखात काल वाचलं की विनाचालक गाड्या आल्या की पार्किंगच्या जागी बागा होतील आणि गाडी म्हणजे फिरता दिवाणखाना. दाखला मर्सिडीजच्या एफ ०१५चा. २०१५ साली लास व्हेगासला दाखवलेली ती चंदेरी गाडी मलाही आठवते. पुढच्या खुर्च्या मागे वळतात, चौघं समोरासमोर बसतात. पण ती सव्वापाच मीटर लांब आहे हो! आत एकटा माणूस बसला तरी रस्ता तेवढाच अडणार. शिवाय पार्किंगचे पैसे वाचवायला तुम्हाला ऑफिसला सोडून ती रिकामी घरी आली, संध्याकाळी पुन्हा रिकामी न्यायला गेली, तर दोन फेऱ्यांच्या चार झाल्या. बाग कुठून येणार?

सनीवेलकर
पायपीटताई, प्रदर्शनातली गाडी सोडा. सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ पासून वेमो कंपनीची विनाचालक टॅक्सी कुणालाही बोलावता येते. ती प्रवाशाच्या मालकीची नाही, एकाला सोडून दुसऱ्याला घेते. माझ्या आईला काचबिंदू आहे. इथे आली की ती खिडकीत बसून आमच्या सुट्टीची वाट बघायची. गेल्या खेपेला तिला वेमोत बसवलं. स्टीअरिंग आपोआप फिरताना बघून तिने माझा हात घट्ट धरला. तिसऱ्या दिवशी एकटी मैत्रिणीकडे जाऊन आली. तुमच्या हिशोबात ही बाई कुठे बसते?

डबल_क्लच
आणि माझे वडील कुठे बसतात? ३१ वर्षं दादरला टॅक्सी चालवली त्यांनी. गिऱ्हाईक डबा विसरलं तर उलटे भायखळ्यापर्यंत जाऊन देऊन यायचे. गडकरींनी २०१७ मध्ये आणि २०२३ मध्ये नागपुरात पुन्हा स्पष्ट सांगितलंय, चालकांच्या पोटावर पाय देणारी ही गाडी भारतात येऊ देणार नाही. माझा पूर्ण पाठिंबा.

पायपीट
मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. ती एफ ०१५ माणूस दिसला की थांबते आणि लेझरने रस्त्यावर झेब्रा पट्टे उमटवते. म्हणजे मी रस्ता कधी ओलांडायचा ते गाडी ठरवणार? आमच्या चौकातले पट्टे पुसून चार वर्षं झाली. सासूबाईंना धरून मी रोज हात दाखवत, पळत पलीकडे जाते. पट्टा रस्त्याचा असायला हवा, गाडीच्या मर्जीचा नको.

सनीवेलकर
अहो, पण ती थांबते ना! तुमच्या चौकात कोण थांबतं?

निशिगंध_३
थांबते? ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीने एका बाईला सुमारे २० फूट फरफटत नेलं. परवाना गेला त्यांचा. उगाच आरती ओवाळू नका.

सनीवेलकर
अर्धंच सांगू नका. त्या बाईला आधी दुसऱ्या गाडीने उडवलं होतं, ती माणूस चालवत होता आणि तो पळून गेला.

निशिगंध_३
म्हणून फरफटणं माफ? खाली माणूस अडकलाय हे न कळता गाडी कडेला घ्यायला निघाली. टॅक्सीवाला किंकाळी ऐकून जागीच थांबला असता. माझ्या मुलाची बाबागाडी एकदा ट्रामच्या रुळात अडकली, तेव्हा मागच्या ड्रायव्हरने उतरून उचलली. तुमचं सॉफ्टवेअर उतरणार आहे का?

सनीवेलकर
बरं, नाही उतरणार. रिकाम्या फेऱ्यांवर जबर कर लावावा, हेही मान्य. पण आईचं फिरणं मी सोडणार नाही.

पायपीट
आईंना गाडी मिळावी, यावर माझं भांडण नाहीच. पण त्यांच्या दारातून सुटणारी, पायरी खाली असलेली बस आधी मागा. आणि आमच्या चौकाला रंग.

डबल_क्लच
चालकांच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.