एलिझाबेत्ता सिरानीचं १६६३ चं मेरी आणि बाळाचं चित्र: थोडी माहिती हवी आहे

पोटोमॅककाठी:
इथे वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्समध्ये एलिझाबेत्ता सिरानी या इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चित्रकार बाईंचं 'व्हर्जिन अँड चाइल्ड' आहे. मेरी आणि बाळ येशू म्हटलं की सिंहासन, ढग, देवदूत असं काहीतरी डोळ्यासमोर येतं, यात त्यातलं काहीच नाही. मागे नुसता अंधार, आईच्या डोक्याला कापड गुंडाळलेलं, गुटगुटीत बाळ मागे रेलून तिच्या डोक्यावर गुलाबांची माळ चढवतंय आणि ती त्याच्यासाठी मान खाली करतेय, बस्स. मी कितीतरी वेळ बघतच राहिले. हे खरंच पूजेसाठी काढलेलं चित्र आहे का? आणि सिरानी २७ व्या वर्षी गेल्या, त्यांना विष घातलं होतं असं वाचलं, ते खरंय का?

रंगरेषा:
हो ताई, धार्मिकच आहे, फक्त चर्चच्या वेदीसाठीचं नाही. जेमतेम ८६ बाय ७० सेंटीमीटर, म्हणजे घरात लावून प्रार्थना करायच्या मापाचं. आणि हा साधेपणा बोलोन्यात उपरा नव्हता, तिथले कार्डिनल (कॅथलिक चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू) पालेओत्ती यांनी १५८२ मध्येच धार्मिक चित्रांवर मोठा ग्रंथ लिहिला होता, चित्र अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. तुम्ही म्हणताय ते डोक्याचं कापड त्या भागातल्या शेतकरी बायका बांधायच्या तसं आहे. म्हणजे स्वर्गाची राणी आहे, पण मुकुट घालणारं तिचं तान्हं बाळ आणि मुकुट गुलाबांचा. गुलाब हे मेरीचंच फूल, जपमाळेला रोझरी म्हणतात तेही त्यावरूनच. पुन्हा गेलात तर पांढरी बाही जवळून बघा, रंग किती जाड लावलाय!

जुनी_वही:
सही बघितलीत का? बाळ ज्या उशीवर बसलंय तिच्या शिवणीवर सोनेरी अक्षरात नाव आणि साल आहे, जरीने भरल्यासारखं. मला या चित्रातली सगळ्यात आवडती जागा तीच. सिरानीचे वडील जोव्हान्नी आंद्रेआ हे बोलोन्याचा नामांकित चित्रकार ग्वीदो रेनी याच्या हाताखालचे चित्रकार, त्यांना संधिवाताने काम होईना तेव्हा वर्कशॉप आणि घरखर्च दोन्ही हिने उचललं. हात इतका भराभर चालायचा की लोकांना शंका, ही कसली काढतेय, बाप काढत असणार. मग ती आलेल्या पाहुण्यांसमोरच चित्र काढून दाखवायची, १६६४ मध्ये फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातला राजपुत्र कोसिमोसुद्धा बघायला आला होता. शिवाय कोणासाठी काय काढलं याची यादी ती स्वतः ठेवायची, ती बोलोन्याच्या चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या माल्वाझियाने १६७८ मध्ये छापली म्हणून आज आपल्याला एवढं माहिती आहे. साधारण १० वर्षांत २०० च्या आसपास चित्रं! आणि त्यातही घाई दिसत नाही.

अनामिका_पुणे:
चित्र गोड आहे पण मला त्याच शतकातली इटालियन चित्रकार आर्तेमीझिया जेंतिलेस्की हिची, शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं कापणारी बायबलमधली युडिथ जास्त भिडते. सिरानी फारच सौम्य वाटते.

जुनी_वही:
मग तिची १६५९ ची टिमोक्लीया बघाच, नेपल्सच्या कापोदीमोंते म्युझियममध्ये आहे. अत्याचार करणाऱ्या सरदाराला ती बाई विहिरीत ढकलतेय, तो उलटा, पाय वर आणि ही शांतपणे उभी. जिने हे काढलं तिनेच चार वर्षांनी हे बाळ काढलं, त्यामुळे नुसती सौम्य म्हणणं मला पटत नाही.

रंगरेषा:
विषाचं राहिलंच. ऑगस्ट १६६५ मध्ये पोटात भयंकर दुखून ती गेली, वडिलांना संशय आला आणि घरातल्या मोलकरणीवर खटला भरला, पण विष घातल्याचं सिद्ध झालं नाही. शवविच्छेदनात जठराला भोक सापडलं होतं, त्यामुळे आता बहुतेक अभ्यासक अल्सर फुटून गेली असंच मानतात. त्या मोलकरणीचं मला फार वाईट वाटतं. सिरानीला सान दोमेनिको चर्चमध्ये ग्वीदो रेनीच्याच थडग्यात पुरलं.

पोटोमॅककाठी:
किती छान सांगितलंत दोघांनी, मनापासून धन्यवाद. सही माझ्या नजरेतून सुटली, या शनिवारी परत जातेय. बोलोन्याला गेले तर काय बघू?

जुनी_वही:
पिनाकोतेका नात्सिओनाले या तिथल्या चित्रसंग्रहालयात तिची बरीच चित्रं आहेत. पण चेर्तोझा हा जुना मठ सोडू नका, आता ते शहराचं कब्रस्तान आहे, तिथल्या सान जिरोलामो चर्चमध्ये तिचा 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' आहे, १६५८ चा, म्हणजे वय २० आणि चित्र भिंतभर. चर्च कधी उघडं असतं ते मात्र आधी विचारून जा.