पुण्यातून सुरू होणारं पॅकेज आपण बेळगावकरांनी घ्यावं का?

सांबरेकर
आई-वडिलांना काशी-प्रयाग-अयोध्या दाखवून आणायची आहे. गेले पंधरा दिवस मराठी टूर कंपन्यांची माहितीपत्रकं वाचतोय. जवळपास सगळ्यांची सहल पुण्यातून नाहीतर मुंबईतून सुरू होते. बेळगाव ते पुणे आपलं आपण बघायचं, आणि तो खर्च पॅकेजच्या आकड्यात कुठंच दिसत नाही.

माझं मत ठाम आहे. विमानाची तिकिटं आपली आपण काढावीत. आमच्या सांबऱ्यात, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, १९४२ पासून धावपट्टी आहे, घरातून रिक्षानं दहा मिनिटं. तिथून बेंगळूरमार्गे वाराणसी एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, मिळत असेल, तर सत्तरीच्या माणसांना रात्रभर बसमध्ये बसवून पुण्याला कशाला न्यायचं?

आणि सीमेवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: महाराष्ट्र-कर्नाटक वादात २०२२ च्या डिसेंबरात दोन राज्यांमधल्या बस बंद झाल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा. त्या फेब्रुवारीत माझ्या मावशीचं विमान पुण्याहून होतं. ऐनवेळी खासगी गाडी करून गेली. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "पुणे विमानतळापर्यंत पोचणं ही तुमची जबाबदारी." नियमानं ते बरोबरच होतं. मग आपल्या दारापासून पुण्यापर्यंतची जबाबदारी आपलीच असेल, तर पुढच्या तिकिटासाठी दुसऱ्यावर का अवलंबून राहायचं?

टिळकवाडीतली
मी दोनदा पॅकेजनं गेले, तिसऱ्यांदाही जाईन. तुम्ही काशीला विमानानं पोचण्याचा हिशेब मांडलाय. पोचल्यावरचं काय? विमानतळ बाबतपूरला, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. पुढं घाटाजवळच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. विश्वनाथाच्या मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो लॉकरात ठेवायचा, चपला ठेवायच्या, रांग धरायची. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले. टूर मॅनेजरनं व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. त्यांच्याशी मराठीत बोलणारं माणूस सतत सोबत होतं, रात्री ताटात वरण-भात होता. सासूबाईंना हिंदी नीट येत नाही. त्या आठ दिवसांत एकदाही घाबरल्या नाहीत, याची किंमत मी कुठल्या रकान्यात लिहू?

परतीचं विमान रद्द झालं तेव्हा मॅनेजर काउंटरवर उभा होता आणि आम्ही बसून होतो. तुमच्या वेळी काउंटरवर कोण उभं राहणार? आई-वडिलांना बाकड्यावर बसवून तुम्हीच ना?

निपाणीकर
ताई, विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे देणं विमान कंपनीला नियमानंच भाग आहे. तिकीट कुणीही काढलेलं असो. पण काउंटरवर भांडायला माणूस लागतं, हे मात्र खरं.

मला बोलायचंय ते "एका पीएनआरवर" या शब्दांवर. सांबरेकरांनी ते जाता जाता लिहिलं, सगळी मेख तिथंच आहे. मी एकदा स्वस्तात पडतंय म्हणून हुबळी-बेंगळूर एक तिकीट आणि बेंगळूरहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं, असं काढलं. पहिलं विमान उशिरा सुटलं, दुसरं गेलं. दोन्ही कंपन्यांनी हात वर केले, कारण त्यांच्या लेखी ते दोन वेगळे प्रवास होते. त्याच दिवसाचं नवं तिकीट घेताना वाचवलेले सगळे पैसे गेले, वर पदरचे घालावे लागले. एकाच तिकिटावर जोड असती तर पुढं पोचवणं त्यांच्यावर आलं असतं. स्वतः बुकिंग करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. दाखवताना मोबाईलवर दोन्ही तिकिटं एकाखाली एक दाखवतात आणि आपण फसतो.

आणि सांबरा तुम्हाला जवळ. आम्हाला कोल्हापूर.

खानापूरकर
आमच्याकडून गोव्यातलं मोपा विमानतळही जमतं. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटतात आणि सांबऱ्यापेक्षा पर्याय कितीतरी जास्त. फक्त पावसाळ्यात चोर्ला घाटावर भरवसा ठेवू नका, अर्धा दिवस हाताशी धरा. सांबऱ्याच्या वेळापत्रकावरही डोळे झाकून विसंबू नका. लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेतली बरीच विमानं सुरू होऊन बंद पडली. सरकारची भरपाई तीनच वर्षं असते, नंतर प्रवासी कमी पडले की मार्ग जातो.

वडगावकर
मी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नऊ वर्षं आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. पॅकेजवाले पुण्यातून का निघतात? ग्रुपची तिकिटं एकाच विमानतळावरून, एकाच विमानाची घेतली तरच दर परवडतो. बेळगावातून चारच माणसं असतील तर ते जमत नाही. ही तिकिटं रद्द केली तर हाती फारसं काही येत नाही. तुमचं स्वतःचं तिकीट असलं तर कितीही कडक अट असली तरी निदान सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. बरेच लोक मागतच नाहीत.

कंपनीला "जॉइनिंग-लिव्हिंग"चा दर विचारा. म्हणजे विमान तुमचं, वाराणसीपासून पुढची गाडी, हॉटेल, जेवण, मॅनेजर त्यांचा. माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं, विचारल्यावर देतात.

आणि नाव! आपल्या भागात निम्म्या तक्रारी नावाच्या. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कुठं वडिलांचं नाव आधी, कुठं नुसतं आद्याक्षर. गेटवरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र जुळवून बघतो. जे ओळखपत्र नेणार त्यावरचंच नाव अक्षर न अक्षर घाला. चूक दिसली तर तिकीट काढल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवा. विमान कंपनीच्या साइटवरून काढलं असेल तर दुरुस्तीला पैसे पडत नाहीत.

टिळकवाडीतली
जॉइनिंग-लिव्हिंग मला माहीत आहे, माझ्या नणंदेनं केलं होतं. तिचं विमान सहा तास उशिरा पोचलं, तोवर ग्रुप प्रयागला निघून गेला. ती आणि तिचा नवरा टॅक्सी करून मागून गेले. तीस माणसं दोघांसाठी थांबत नाहीत, आणि थांबावं असं मीही म्हणणार नाही. पण मग सोबतीसाठी पैसे मोजून ऐन गरजेला सोबत नाहीच! पुण्याला जायचा त्रास मला मान्य आहे. आम्ही आदल्या दिवशी दिवसा निघतो, नात्यातल्यांकडे मुक्काम करतो, सकाळी सगळ्यांबरोबर विमानतळावर. एकदा ग्रुपमध्ये शिरलं की उशीर झाला तर सगळ्यांनाच होतो.

सांबरेकर
पुण्यात नातेवाईक आहेत म्हणून तुम्हाला ते जमतं, ताई. आमचं कुणी नाही. नणंदेचं ऐकून मात्र एक बदल करतो: ग्रुपच्या एक दिवस आधी वाराणसीला पोचायचं. हॉटेलची एक रात्र वाढेल, पण उशीर झाला तरी ती रात्र हाताशी राहील. तिकीट सांबऱ्याहून, एकाच पीएनआरवर, मीच काढणार. आईच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे, तेच घालतो. पुढची व्यवस्था जॉइनिंग-लिव्हिंगनं.

टिळकवाडीतली
आदल्या रात्रीच्या हॉटेलात लिफ्ट आहे का, ते स्वतः फोन करून विचारा, फोटोवर जाऊ नका. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, बेंगळूरला विमान बदलताना लागेल. आणि परतीच्या दिवशी विमान रद्द झालं तर काय करणार, ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत. तेव्हा ग्रुप पुण्याकडं गेलेला असेल.