‘अँटिबायोटिकमुक्त चिकन’ अशी पाटी लावण्यापूर्वी पुरवठादाराकडून काय लिहून घ्यावे?

महामार्गवाला (पारोळा)

धुळे–जळगाव महामार्गावर माझे मांसाहारी जेवणाचे हॉटेल आहे आणि दुसरे लवकरच सुरू करण्याचा विचार आहे. मोठ्या शहरांतील साखळी उपाहारगृहे आपल्या चिकनबद्दल ‘अँटिबायोटिकमुक्त’ असे लिहितात, आणि अलीकडे गाडी थांबवून जेवायला येणारे प्रवासीही तसे विचारू लागले आहेत. माझा पुरवठादार किलोमागे थोडे जास्त पैसे घेऊन असा माल देण्यास तयार आहे. पुरावा मागितला तेव्हा त्याने प्रयोगशाळेचा एक अहवाल दिला, ज्यात ‘औषधाचे अवशेष आढळले नाहीत’ एवढेच नमूद आहे. या कागदाच्या भरवशावर पाटी लावणे योग्य ठरेल का? मोठ्या साखळ्या आपल्या धोरणात नेमके काय लिहितात? आमच्याकडे धरणातील मासे आणि थोडी कोळंबीही असते, तेव्हा जाणकारांनी त्याबद्दलही सांगावे.

पशुवैद्यक_नवापूर

दादा, पाटी तूर्त लावू नका. आपल्या हातातला अहवाल खरा असेल, परंतु तो एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ब्रॉयलर पक्षी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला येतो. त्याला पहिल्या पंधरवड्यात औषध दिले आणि विक्रीपूर्वी ठरलेला बंदीचा काळ, म्हणजे औषध थांबवून ठेवण्याचे दिवस, पाळला, तर मांसात अवशेष सापडत नाहीत. म्हणजे अवशेष नसणे आणि औषध वापरलेलेच नसणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ग्राहकाच्या ताटापुरते पाहिले तर पहिली गोष्ट महत्त्वाची आहे. औषधांना न जुमानणारे जिवाणू मात्र शेडमध्ये औषध वापरल्याने तयार होतात आणि मांस स्वच्छ निघाले तरी ते विष्ठेतून, पाण्यातून आणि कामगारांच्या हातांवरून बाहेर पडतात. साखळ्यांच्या धोरणांचा खरा रोख या दुसऱ्या गोष्टीवर असतो.

या धोरणांत ढोबळमानाने तीन पायऱ्या आढळतात. सर्वांत सैल पायरीवर केवळ वजन वाढावे म्हणून औषध देण्यास मनाई असते. मधल्या पायरीवर माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली औषधे वर्ज्य असतात. सर्वांत कडक पायरीवर अंड्यातून बाहेर पडल्यापासून पक्ष्याला कोणतेही प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, दिलेले चालत नाही. मॅकडोनाल्ड्सने २०१५ मध्ये अमेरिकेतील चिकनसाठी मधली पायरी जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती गाठली. चिक-फिल-ए या साखळीने २०१४ मध्ये सर्वांत कडक पायरीचे वचन दिले, २०१९ मध्ये ते पूर्ण केले आणि २०२४ मध्ये पुरेसा माल मिळण्याची अडचण सांगून ती मधल्या पायरीवर उतरली. टायसन या मोठ्या उत्पादक कंपनीनेही २०२३ मध्ये असाच बदल केला होता.

या माघारीमागे आयनोफोर या औषधांचा मोठा वाटा आहे. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही नावे आपल्याकडच्या खाद्याच्या पोत्यांवरही दिसतात. ती रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या बंदोबस्तासाठी दिली जातात आणि माणसांवर वापरली जात नाहीत. अमेरिकेच्या व्याख्येत ती प्रतिजैविकांत मोडतात, त्यामुळे कडक धोरणात त्यांनाही जागा उरत नाही. माझ्या मते मधली पायरी अधिक प्रामाणिक आहे, कारण ज्या औषधांची माणसाला गरज आहे नेमकी तीच ती राखून ठेवते आणि आजारी पक्ष्यांना विनाउपचार सोडण्याचा मोहही टाळते.

एक मात्र ध्यानात असू द्या की ही वचने मुख्यतः अमेरिकेसाठी होती. परदेशी साखळ्या भारतातील शाखांसाठी तशी हमी देत नाहीत, यावर दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१७ मध्ये बोट ठेवले होते. याच संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातून घेतलेल्या चिकनच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत अवशेष सापडले होते.

शेडवाला_साक्री

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात भर घालतो. आमच्या भागात बहुतेक ब्रॉयलर करार पद्धतीने वाढवले जातात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे आणि आम्हाला मिळते ती किलोमागे संगोपनाची मजुरी. पोत्यातल्या खाद्यात आधीच काय मिसळले आहे हे शेतकरी ठरवत नाही, तेव्हा हमी मागायची असेल तर ती कंपनीकडे मागावी. शिवाय औषध पाण्यातून दिले जाते. पाच हजार पक्ष्यांत पन्नास मलूल दिसले तरी पाणी सगळेच पितात, त्यामुळे ‘फक्त आजारी पक्ष्यावर उपचार’ हे वाक्य धोरणाच्या कागदावर शोभून दिसते, शेडमध्ये मात्र पाळता येत नाही. मे महिन्यातील उष्म्याने खचलेला पक्षी पावसाची ओल लागताच श्वसनाच्या आजाराला बळी पडतो आणि त्या वेळी मर कमी ठेवण्याचा सगळा ताण आमच्यावर असतो.

बॅच निघाल्यावर तुसासकट कोंबडखत केळीच्या बागांकडे जाते. ते नीट कुजवून द्यायला हवे, पण मागणीच्या घाईत ते बहुतेकदा ताजेच उचलले जाते. त्यामुळे कोंबडी न खाणाऱ्या माणसाचाही या विषयाशी संबंध येतो.

सूक्ष्मजीव_जळगाव

कायद्याची बाजू मी मांडतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या टप्प्यावर राखून ठेवलेले औषध आहे. त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी, कुक्कुटपालनासाठी, मत्स्यशेतीसाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन व विक्री बंद केली. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर २०२५ मध्ये खाद्यप्राण्यांपुरती तशीच बंदी आली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे अवशेषांविषयीचे सुधारित नियमही १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. म्हणजे पुरवठादार ‘आमच्या मालात कोलिस्टिन नाही’ असे अभिमानाने सांगत असेल, तर तो केवळ कायदा पाळत आहे आणि त्यासाठी जादा दर मागण्याचे कारण नाही.

बंदी नसलेली सगळीच औषधे निर्धोक आहेत, असाही याचा अर्थ नव्हे. एन्रोफ्लॉक्सासिन हे औषध अमेरिकेने कोंबड्यांसाठी सप्टेंबर २००५ पासून बंद केले, कारण त्याच गटातील सिप्रोफ्लॉक्सासिन माणसांना दिले जाते आणि कोंबडीतून येणारे, हगवण लावणारे कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू त्याला दाद देईनासे झाले होते.

माशांबाबत मूळ ठिकाण विचारा. हतनूर किंवा उकाई धरणाच्या फुगवट्यात जाळ्याने पकडलेल्या माशाला कोणी औषध घातलेले नसते, परंतु पिंजऱ्यात वाढवलेल्या तिलापिया व पंगसला बाहेरून खाद्य द्यावे लागते आणि औषधाची शक्यता तिथे येते. कोळंबी बहुतांशी किनारी तळ्यांतली असते. युरोपीय संघ भारतीय मत्स्यशेतीच्या मालाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासतो, ही कडक तपासणी २०१६ पासून आहे. निर्यातीच्या तळ्यातील कोळंबीची काढणीपूर्व चाचणी होते. आपल्या स्थानिक व्यापाऱ्याकडे तसा चाचणीचा कागद आहे का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

महामार्गवाला (पारोळा)

सर्वांचे आभार. मग पुरवठादाराकडून कोणत्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि ग्राहकाला काय सांगावे?

पशुवैद्यक_नवापूर

पुरवठादाराकडून नव्हे, ज्या कंपनीचे पक्षी तो आणतो तिच्याकडून असे लिहून घ्यावे की माणसांच्या उपचारातील प्रतिजैविके वाढीसाठी किंवा निरोगी कळपात रोग येऊ नये म्हणून खाद्यातून वा पाण्यातून दिली जात नाहीत. उपचार करावा लागलाच तर औषधाचे नाव, तारीख आणि बंदीचे दिवस यांची नोंदवही मागताच दाखवली जाईल, हे त्यात असावे. प्रत्येक बिलावर बॅच क्रमांक घ्या आणि अधूनमधून स्वतःच्या खर्चाने नमुना तपासून घ्या. जाहिरातीतील दावे सिद्ध करता आले पाहिजेत असे प्राधिकरणाचे २०१८ चे नियम सांगतात, म्हणून मेनूकार्डावर जे कागदाने दाखवता येईल तेवढेच लिहावे.

आपला पुरवठादार व्यापाऱ्याकडून जिवंत पक्षी घेऊन कापत असेल, तर एका पिंजऱ्यात तीन-चार शेडचे पक्षी एकत्र येतात आणि बॅच क्रमांकाला अर्थ उरत नाही. तेव्हा पहिली चौकशी हीच करा. तसे असल्यास जादा दर देणे आजपासून बंद करावे.